मोठ्या आतड्याचा हवापालट

प्रिय दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकायला डॉक्टरांनी तूर्त मनाई केली आहे, म्हणून हा नमस्कार ताठ उभ्याने केलेला आहे, मनातून मात्र वाकलेला आहे असं समजून घे.) तुझे गुडघे, तुझ्या चष्म्याचा नंबर आणि तुझ्या डोक्यावरच्या मजल्यावर व्हायोलिन शिकणारे ते गृहस्थ, ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे मी बरी आहे. हे वाक्य आपण पत्रात नेहमीच लिहितो, पण या वेळी ते नीट थांबून, दोनदा वाच. मी बरी आहे. आता खुर्चीत बस. नुसता टेकू नकोस, पूर्ण बस.

मी मैत्रिणीकडे समुद्रावर हवापालटाला जाते असं तुला सांगून गेले होते ना, ते खोटं. समुद्र होता, नाही असं नाही, पण तो माझ्या खाटेसमोरच्या भिंतीवर चौकटीत होता आणि त्याच्यातली नाव काही केल्या पुढे सरकत नव्हती. माझ्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. अगदी खालच्या टोकाचं. तिथे एक गाठ होती, ती आता नाही. आणि वहिनी तिच्या बहिणीकडे गेलेली नव्हती. ती सगळा वेळ माझ्या उशाशी बसून होती. (त्या काळात तू सकाळ-संध्याकाळ चहात बिस्किटं बुडवून दिवस काढलेस, हे तिला घरी आल्यावर डब्यांवरून कळलं. ती तुला काही बोलली नाही, कारण तिला स्वतःलाच कुठे होते ते सांगायचं नव्हतं. त्यामुळे तुमच्या घरात आठवडाभर जो सलोखा नांदला तो माझ्या आतड्याच्या कृपेने.)

तुला सांगितलं नाही याचा राग येईल. येऊ दे. पण मी सांगणार तरी कसं, दादा? आपण ज्या घरात वाढलो त्या घरात मानेच्या खाली आणि घोट्याच्या वर माणसाला शरीरच नव्हतं. आजार दोनच, सर्दी आणि खोकला. बाकी सगळं ‘जरा बरं नाही’. मधल्या त्या मोठ्या प्रदेशाला नाव नव्हतं, आणि नाव नसलेल्या गावाला जायला रस्ता कुणाला विचारायचा? तू जन्मभर नकाशाच्या कचेरीत बसून ओढे-नाले-डोंगर रेखाटलेस, पण एखाद्या इमारतीवर दवाखान्याची पाटी दिसली की तूच रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जातोस. तुझ्यासमोर ‘गुदमार्ग’ हा शब्द उच्चारला असता तर तू पलीकडच्या बाजूने थेट पलीकडच्या गावाला गेला असतास.

सुरुवात झाली ती रक्ताने. मी ते बिटावर ढकललं. बीट खाणं बंद केलं तरी ते थांबेना, तेव्हा मी ते उन्हावर ढकललं, मग नव्या चहाच्या पुड्यावर, आणि ढकलायला काही उरलं नाही तेव्हा जिथे जन्मभर नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही रोज जाऊन बसते त्या वाचनालयातलं वैद्यकाचं जाडजूड पुस्तक काढून, त्याला बागकामाच्या पुस्तकाचं वेष्टण घालून, माझ्या जुन्या टेबलाशी वाचत बसले. (एक सभासद बाई दोनदा विचारून गेल्या की गुलाबाला कीड लागली तर काय करावं. मी म्हटलं, वाट पाहू नका, लगेच जाणत्या माणसाला दाखवा. स्वतःचा सल्ला स्वतःच्या कानांनी ऐकायला मला आणखी बरेच दिवस लागले.) दरम्यान मी वाळत चालले होते आणि जो भेटेल तो ‘काय छान बारीक झालात, काय करता?’ असं विचारत होता. मी नुसती हसत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बांध्याचं कौतुक होत होतं, ते अर्ध्यावर थांबवायचं जिवावर आलं होतं.

शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे खिडकीपाशी बसलेल्या मुलीला मी अगदी हळू आवाजात म्हटलं, पोटाचे डॉक्टर. ती म्हणाली, पोट फार मोठं आहे, त्यातलं नक्की काय? मी आणखी हळू सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. मग तिने कागदावर नजर टाकली आणि साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा खणखणीत, प्रेमळ आवाजात सांगितलं, “अच्छा, मोठं आतडं आणि गुदमार्ग! सरळ जा, शेवटी डावीकडे वळा.” मी आयुष्यभर लोकांना ‘हळू बोला’ म्हणत आले, दादा. त्या क्षणी माझ्या सगळ्या वाचकांच्या वतीने सूड उगवला गेला.

सरळ जाऊन शेवटी डावीकडे वळल्यावर एक लांबच लांब खोली होती, दोन्ही बाजूंना बाकं, आणि बाकांवर माणसं अशी बसलेली की जणू प्रत्येक जण दुसऱ्याच गाडीची वाट पाहतोय. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेजारच्या गृहस्थांनी आपण होऊन सांगितलं की ते बायकोबरोबर आलेत. थोड्या वेळाने त्यांचंच नाव पुकारलं गेलं. पलीकडच्या बाई मुलाबरोबर आल्या होत्या. मुलगा काही शेवटपर्यंत आला नाही. मीही वहिनीकडे मान वळवून जरा मोठ्याने विचारलं, ‘तुमचा नंबर कितवा?’ आणि वहिनीने, देव तिचं भलं करो, एक पापणीही न हलवता सांगितलं, “येईल आता. तुम्ही सोबत आलात, बरं वाटलं.”

पुढे दुर्बिणीची तपासणी. तिच्या आदल्या दिवशी आतडं रिकामं करायला एक औषध प्यायचं असतं. त्याविषयी इतकंच लिहिते की तो संपूर्ण दिवस मी घरातल्या एकाच खोलीत काढला आणि त्या खोलीच्या फरश्यांवरची नक्षी मला आता डोळे मिटूनही काढता येईल. पण दुसऱ्या दिवशी जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी मला कुशीवर झोपवलं, हातात काहीतरी गुंगीचं टोचलं आणि समोर पडदा होता. त्या पडद्यावर मी माझ्या आत गेले. दादा, आत एक गुलाबी बोगदा आहे. ओलसर, चकचकीत, त्याला गोल गोल कमानी, एका कमानीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि दिवा पुढे सरकेल तशा त्या हळूहळू उघडत जातात. कुठे आवाज नाही. भिंतींवर निळ्या-लाल बारीक रेषा, तू नद्या काढायचास तशा, टोकाला पार केसाएवढ्या. मी गुंगीत म्हणाले, कुणाचं आहे हे? तिथली सिस्टर म्हणाली, तुमचंच. मला रडूच आलं. इतकी वर्षं हे सगळं मी बरोबर घेऊन फिरत होते आणि एकदाही त्याला बरं म्हटलं नव्हतं. मग एका वळणावर ती गाठ दिसली. ती गुलाबी नव्हती. दिवा तिच्यापाशी थांबला, आणि खोलीतली माणसं एकदम फार प्रेमाने बोलायला लागली. त्यावरून मला कळलं.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणजे उंच, सडपातळ, आणि बोलणं असं की शेजारच्या माणसाला झोप यावी. त्या या एवढ्याच भागाच्या तज्ज्ञ. इतकी हुशार बाई हाच भाग का निवडेल असं मला वाटत होतं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण त्या आपण होऊन म्हणाल्या, “इथे कुणी यायला तयार नसतं, म्हणून मी आले.” मग त्यांनी मला असे प्रश्न विचारले जे मला जन्मात कुणी विचारले नव्हते. रंग कसा, आकार कसा, दिवसातून किती वेळा, घाई होते का, झाल्यावर समाधान वाटतं का. समाधान! लग्न झाल्यावर मला कुणी समाधानाबद्दल विचारलं नाही, नोकरीतून निवृत्त होताना विचारलं नाही. मी सुरुवातीला खिडकीकडे बघून उत्तरं दिली, मग टेबलाकडे बघून, आणि शेवटी त्यांच्याकडे बघून. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं, इथून कापायचं, इथे जोडायचं. आणि तो जोड भरून येईपर्यंत वरच्या बाजूला पोटावर एक वाट काढून तिथे पिशवी लावायची. काही महिन्यांनी पिशवी काढून वाट पुन्हा आत घ्यायची. मी विचारलं, वाचेन ना? त्यांनी चित्र काढणं थांबवून सांगितलं, “तशी तयारी करूनच मी आत जाणार आहे.” दुसऱ्या कुणी ‘काळजी करू नका’ म्हटलं असतं तर मला काळजी वाटली असती.

ऑपरेशनच्या सकाळी पिशवीवाली सिस्टर (तिचं कामच ते, इस्पितळभर पिशव्या शिकवत फिरणं) आली आणि मला उभं करून, बसवून, वाकवून, पोटावर शाईने एक फुली मारून गेली. ‘बसल्यावर घडी पडते तिथे नको,’ असं काहीतरी पुटपुटत होती. ती फुली घेऊन मी चाकांच्या खाटेवरून निघाले. छतावरचे दिवे एकामागून एक माझ्यावरून वाहत गेले. वहिनी दारापर्यंत आली आणि दार मिटताना म्हणाली, “मी इथेच आहे,” तिचं ते नेहमीचं वाक्य, जे ती दूध उतू जात असतानाही तितक्याच शांतपणे म्हणते. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, छानशी जागा आठवा. मला एकही जागा आठवेना. इतक्या घाईत कुणाला आठवते? आणि मग तू आठवलास.

तू असशील दहा वर्षांचा. आपण वाचनालयात होतो, पण त्याच्या भिंती ओल्या आणि गुलाबी होत्या आणि मांडण्या हळूहळू श्वास घेत होत्या. तू पुढे कंदील घेऊन चालला होतास आणि मागे वळून न बघता सांगत होतास, इथे पायरी आहे, इथे वळण आहे, इथे डोकं खाली घे. मी तुझ्या सदऱ्याचं टोक धरलं होतं. पुस्तकांच्या पाठींवर नावं नव्हती. मी विचारलं, दादा, ही कुणी लिहिली? तू म्हणालास, अजून लिहायची आहेत. आपण चाललो, किती चाललो कुणास ठाऊक, पाय दुखत नव्हते. एका ठिकाणी तू कंदील खाली ठेवलास आणि बसलास, आणि मी म्हटलं, ऊठ ना, तर तू म्हणालास, जरा बसू दे गं. तेवढ्यात कुणीतरी माझ्या गालावर थापट्या मारायला लागलं आणि सगळं पांढरं झालं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. पडदा फुगायचा आणि बसायचा. ऊन खाटेच्या पायापाशी यायचं, गुडघ्यांपर्यंत चढायचं, आणि मी त्याची वाट पाहत असतानाच निघून जायचं. भिंतीवरची नाव जागच्या जागी डुलायची. (ती खरंच डुलत होती. वेदनेवरचं औषध चांगलं होतं.) रोज सकाळी डॉक्टरीणबाई यायच्या, माझ्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवून डोळे मिटायच्या आणि बराच वेळ ऐकायच्या. मग डोळे उघडून जरा खिन्नपणे म्हणायच्या, “अजून शांतता आहे.” शांततेबद्दल माझ्याशी असं नाराजीने कुणी कधी बोललं नव्हतं! माझी सगळी हयात शांतता राखण्यात गेली, आणि आता मी आवाज करावा म्हणून पदवीधर माणसं देव पाण्यात घालून बसली होती. आतडं जागं झालं की आधी वारा सरतो, तो पिशवीत येतो, पिशवी फुगते. पिशवी फुगली की सूप. तोवर घोट घोट पाणी.

शेजारच्या खाटेवर एक बसवाली होती. शाळेची बस चालवायची, तिचंही माझ्यासारखंच काही झालं होतं, माझ्या थोडं आधी. ती भल्या मोठ्या आवाजात, खिडकीतून दुसऱ्या गाडीवाल्याशी बोलावं तशी बोलायची. मला पिशवीचं फार वाईट वाटतंय हे तिने ताडलं आणि म्हणाली, “अहो ताई, रस्त्याचं काम चालू आहे, गाड्या दुसरीकडून सोडल्यात. एवढंच.” मग सारा वॉर्ड माझ्या वाऱ्याची चौकशी करायला लागला. झाडूवाल्या मावशी, रक्त घ्यायला येणारा, पलीकडच्या खाटेवरच्या आजींना भेटायला आलेला अख्खा परिवार. सगळे आधी पिशवीकडे बघायचे आणि मग माझ्या तोंडाकडे. मी लाजेने मरायची बाकी होते. आणि एका दुपारी, ऊन गुडघ्यांपर्यंत आलेलं, वहिनी मला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती, तेव्हा पांघरुणाखाली काहीतरी हळूच उमललं. हो, उमललं असंच लिहिते. वहिनीने पांघरूण उचलून पाहिलं. पिशवी पावासारखी टम्म फुगली होती. वहिनी, जी चारचौघांत मोठ्याने हसतसुद्धा नाही, ती ओरडली, “फुगली!” बसवालीने टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या आजींचा परिवार उभा राहिला. डॉक्टरीणबाई मुद्दाम खाली आल्या, पोट ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की दादा, माझ्या शाळेतल्या पहिल्या नंबरालाही कुणाच्या चेहऱ्यावर आलं नव्हतं. त्या दिवशीचं ते पातळ सूप मी चमच्याचमच्याने प्यायले. त्याला कसलीही चव नव्हती. त्याच्याइतकं चांगलं मी काहीही खाल्लेलं नाही.

आता पिशवी आणि मी एकमेकींना ओळखायला लागलो आहोत. ती मी झोपले की झोपते, पण गप्प बसवलेलं तिला आवडत नाही. गेल्या आठवड्यात मी सहज वाचनालयात गेले, खिडकीजवळच्या माझ्या जुन्या खुर्चीत बसले. टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता, आणि तिने सविस्तर भाषण केलं. ज्यांना मी कितीतरी वर्षं पानं हळू उलटा म्हणून टोकत आले ते म्हातारे सभासद समोरच बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाले, “श्श.” मी इतकी हसले की टाके दुखले.

कापलेल्या भागाचा रिपोर्ट आला आहे. कडा स्वच्छ आहेत. आसपासच्या ग्रंथींत काही पसरलेलं नाही. पुढचं औषध लागणार नाही, फक्त तपासण्या. हा कागद डॉक्टरीणबाईंनी आधी स्वतः वाचला, मग माझ्याकडे सरकवला, आणि मी वाचून होईपर्यंत माझ्या हातावर हात ठेवून बसल्या. त्यांचा हात गार होता. बाहेर पडल्यावर रस्ता, माणसं, फळवाल्याचा गाडा, सगळं पाण्याखाली असावं तसं हळू आणि चमकदार दिसत होतं, आणि मी उगाचच एक संत्रं घेतलं आणि ते हातात धरून घरापर्यंत चालत आले.

तर असं झालं. लिहायचं होतं ते लिहून झालं. वाचून मनाला लावून घेऊ नकोस, गुडघ्यांना तेल लाव.

तुझीच,
धाकटी

ता. क. लिहायचं होतं ते लिहून झालेलं नाही. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भावंडं? म्हटलं, एक थोरला भाऊ. वडील कशाने गेले? मी म्हटलं, पोटाने. त्या म्हणाल्या, पोटाने म्हणजे? आणि दादा, मला पुढे काही सांगता येईना. इतकी वर्षं आपण ‘बाबा पोटाने गेले’ असं म्हणत आलो, जसं कुणी बसने जावं. कुठल्या पोटाने, कशामुळे, आपण कधी विचारलंच नाही. आणि माझे कपडे बॅगेत भरत असलेली वहिनी, मान वर न करता म्हणाली, “ह्यांनाही रक्त पडतं. वर्ष होत आलं. मूळव्याध आहे म्हणतात. मला दिसू नये म्हणून आपले कपडे आपणच धुतात.” कपडे तसेच हातात धरून ती उभी राहिली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती.

ता. क. दुसरा. वहिनीवर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे. मूळव्याध असेलही. असली तर मी तुझी जाहीर माफी मागेन, वर व्हायोलिनवाल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पण वडिलांचं तसं आणि बहिणीचं असं झाल्यावर भावाला दुर्बिणीने बघितल्याशिवाय सोडायचं नसतं, आणि लवकर बघितलं तर पुष्कळदा काही मोठं करावंच लागत नाही, असं त्या बाई म्हणाल्या, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही हे मी पाहिलंय. आज काही टोचायचं-कापायचं नाही. आज त्या फक्त विचारणार आहेत. खिडकीकडे बघून उत्तरं दिलीस तरी चालेल.

ता. क. शेवटचा. आज म्हणजे आजच. पाकिटाला तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं नसेलच. वहिनीने ते तुझ्या वर्तमानपत्रात ठेवलं आहे आणि ती आता चपला घालून दाराशी उभी असेल. तोंडाने हे बोलायला गेले असते तर दोघंही हवापाण्यावर बोलत बसलो असतो, म्हणून लिहिलं. मी खाली गाडीत आहे. खाली डोकावू नकोस, मी खिडकीकडे बघत नाहीये. (बघतेय.) मला एका जागी फार वेळ बसायचं नाही असं सांगितलेलं आहे. तेव्हा ये.